उपकार मानायला जीभ वळत नाही तेव्हा

आमच्याकडे घरात कुणी कुणाला थँक्यू म्हणत नाही. आईनं वाढलं, आपण जेवलो, उठलो. शेजारणीनं विरजण दिलं तर वाटी रिकामी परत जात नाही, तिच्यात चार लिंबं नाहीतर मूठभर शेंगा घालून जाते, आणि आभाराचा सगळा विधी तेवढ्यातच उरकतो. 'आभार' हा शब्द कानावर पडतो तो शाळेच्या गॅदरिंगला. 'आता आभारप्रदर्शन' असं माइकवर आलं की लोक चपला शोधायला लागतात.

अशा घरातला माणूस ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्यानं येतो. पाळकसाहेब म्हणतात, 'चला, आपण देवाची उपकारस्तुती करू या', आणि तो डोळे मिटून गप्प बसतो. मनात काही नसतं असं नाही, पण जीभ वळत नाही. आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत नवे लोक मला जे विचारतात ते त्रैक्याबद्दल नसतं की बाप्तिस्म्याबद्दल नसतं. चहा घेताना हळूच विचारतात, "ताई, म्हनायचं काय पन नेमकं?" हा लेख त्यांच्यासाठी आहे. मी काही धर्मशिक्षण घेतलेली बाई नाही. जालन्यात वाढले, आजीच्या मांडीवर प्रार्थना शिकले, आणि चुकत चुकत जे कळलं ते सांगते.

आधी 'तू' म्हणा

मराठीत देवाला 'तू' म्हणतात, आईला म्हणतो तसं. तिथूनच सुरुवात करा. 'हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या अगाध करुणेस्तव' ही भाषा पाळकांच्या तोंडी शोभते, त्यांचा तो रोजचा अभ्यास आहे. तुम्ही ती उसनी आणलीत तर आठवड्याभरात कंटाळाल. माझी आजी पाण्याची घागर उतरवली की म्हणायची, "देवा, इहिरीला पानी होतं रं आज." एवढंच. आमेनसुद्धा कधी म्हणायची, कधी विसरायची.

म्हणताना मात्र ओठ हलू द्या. मोठ्यानं नको, आपल्या कानाला ऐकू येईल इतपत पुरे. मनातल्या मनात सुरू केलेली प्रार्थना तिसऱ्या वाक्याला गॅस सिलेंडरवर जाऊन पोचते, हा माझा अनुभव आहे. आणि त्यासाठी वेगळी वेळ काढायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. 'पहाटे पाच ते साडेपाच' असा निश्चय केलेले कितीतरी जण मी पाहिलेत. चौथ्या दिवशी झोप लागते, पाचव्या दिवशी लाज वाटते, सहाव्या दिवशी सगळंच सुटतं. त्यापेक्षा रोज होणाऱ्या एखाद्या कामाला ही गोष्ट बांधून टाका. चहाला उकळी येईपर्यंतचा वेळ घ्या, मोटार लावून हौद भरेपर्यंतचा घ्या, नाहीतर स्टँडवर एसटीची वाट बघतानाचा. दोन मिनिटं मिळतात आणि दोन मिनिटं पुरतात.

नाव घेऊन सांगा

'देवा, सगळ्याबद्दल धन्यवाद' असं म्हणू नका. चूक काही नाही त्यात, पण 'सगळं' म्हटलं की डोळ्यापुढे काहीच येत नाही. बायबलमधलं स्तोत्र १३६ उघडून बघा. २६ ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे' हे पालुपद. आधी सूर्य, चंद्र, समुद्र येतात, आणि मग सीहोन आणि ओग या दोन राजांची नावंसुद्धा येतात. आपल्याला ते कोण, कुठले, काही देणंघेणं नाही. पण ज्यांच्या वाटेत ते आडवे आले होते त्यांनी नावानिशी आठवण ठेवली. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर शेवटी स्तोत्र येतं अन्नावर.

माझी पद्धत सांगते. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत आपण दुधाचे रतीब मांडतो, सिलेंडर कधी लावला ते लिहितो. त्याच चौकटीत रात्री एक शब्द लिहायचा. मागच्या महिन्यातले माझे शब्द असे होते: 'नळ', 'पोळी फुगली', 'गुडघा', 'पेन्शन', 'भावाचा फोन', पुन्हा 'नळ', 'काही नाही', 'चिमणी'. 'गुडघा' म्हणजे त्या दिवशी दुखला नाही. 'काही नाही' हेही मी लिहिलंय, कारण त्या दिवशी खरंच काही सुचलं नव्हतं, आणि देवापुढे चौकट सजवायची नसते. 'नळ' दोनदा आला तो का, ते मराठवाड्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्यांच्याकडे नळ आठवड्यानं येतो त्यांच्या घरी तो येणं ही बातमी असते, आणि पाइपात आधी हवा खरखरते तो आवाज ऐकून घरातली सगळी माणसं भांडी घेऊन पळतात. त्या खरखरीला 'देवा, आलं' म्हणायची सवय मला कुणी लावली नाही, ती आपोआप लागली.

एका महिन्यानं कॅलेंडरचं पान उलटण्याआधी सगळ्या चौकटी एकदा वाचायच्या. या कामाला लागणारा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे दोरीला बांधलेलं पेन, जे नातवंडं पळवतात.

ताटापुढे

जेवणाआधीच्या प्रार्थनेबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यात सोपी आहे. शाळेत जेवणाआधी श्लोक म्हणत वाढलेल्यांना घासापूर्वी थांबायची सवय असतेच. शब्द हवे असतील तर हे घ्या: 'देवा, हे अन्न तू दिलंस. ज्यांनी पिकवलं, ज्यांनी रांधलं त्यांना सुखात ठेव. ज्यांच्या ताटात आज नाही त्यांची आठवण आम्हाला राहू दे. येशूच्या नावानं, आमेन.' भाजी गार होईपर्यंत लांबवू नका. एक गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायात जेवून तृप्त झाल्यावर देवाचा धन्यवाद कर असं सांगितलंय. म्हणजे हात धुतानाही एक वाक्य म्हणता येतं. भूक लागलेली असताना देव आठवणं सोपं आहे. ढेकर आल्यावर आठवून बघा.

घरात तुम्ही एकटेच विश्वासात आला असाल, तर पंगतीत हात जोडून सगळ्यांना खोळंबून ठेवू नका. घास उचलताना मनात म्हणा. सासूबाईंनी केलेल्या पिठल्याचं कौतुक सासूबाईंपाशी करा, तीही उपकारस्तुतीच आहे, आणि कदाचित जास्त उपयोगाची.

'जर' आणि 'फेड'

इथे जरा थांबायला लागेल, कारण नव्या माणसाचा पाय इथेच अडकतो.

जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी ते ख्रिस्ती कुटुंबांसाठी वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. हे नाव बायबलातल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायातलं. भावाला फसवून पळालेला याकोब रात्री दगड उशाला घेऊन झोपतो, त्याला शिडीचं स्वप्न पडतं, आणि सकाळी उठून तो काय करतो? चक्क नवस बोलतो. देव माझ्यासोबत राहिला, खायला भाकर आणि ल्यायला वस्त्र दिलं, आणि मी सुखरूप घरी परतलो, तर हा माझा देव, आणि मिळेल त्याचा दहावा हिस्सा याला. यात आपल्याला ओळखीचं नाही असं काय आहे? 'पोराला नोकरी लागली तर', 'ऑपरेशन नीट झालं तर'. आपण सगळे याच वळणावर वाढलो.

मग २० वर्षं जातात. मामाकडे राबून, फसवून आणि फसवला जाऊन याकोब परत निघतो. ३२ व्या अध्यायात त्याची प्रार्थना आहे. 'तू केलेल्या दयेला मी पात्र नाही. फक्त काठी घेऊन ही यार्देन नदी ओलांडली होती, आणि आता माझ्या दोन टोळ्या झाल्या आहेत', असा तिचा भाव आहे. 'जर' गेला. हिशेब केलाय, पण काठीपासून केलाय. आणि गंमत म्हणजे त्याच दमात तो मागणंही मागतो, भावापासून वाचव म्हणतो, घाबरलेलाच असतो. भीती संपल्यावर उपकार मानू असं त्यानं ठरवलं नाही.

तर पायरी अशी. प्रार्थनेत 'जर' आला तर स्वतःला रागावू नका, याकोबालाही देवानं हाकललं नव्हतं. मागणं हे मागणं म्हणून उघड मागा, सौदा करू नका. आणि त्याला लागूनच आपली 'काठी' आठवा. या गावात आलो तेव्हा हातात काय होतं? मी सांगते: एक ट्रंक, स्टोव्ह, आणि नवऱ्याची तात्पुरती नोकरी.

आता 'उपकार' या शब्दाबद्दल. काही जणांना तो बोचतो, आणि त्यांचं बरोबर आहे. आपल्या मंडळ्यांतल्या कितीतरी घरांच्या आज्या-पणज्यांनी हा शब्द वाड्याच्या ओसरीखाली उभं राहून ऐकलाय. उपकार म्हणजे वाकलेली मान, उपकार म्हणजे पिढीजात फेड. एक म्हातारे बाबा मला म्हणाले होते, "म्या लई उपकार फेडले बाई, आता आनखी न्हाई." मी त्यांना म्हटलं, मग तो शब्द नका वापरू. 'देवा, बरं वाटलं' म्हणा. फरक एवढाच की हा देणारा वसुलीला येत नाही. नवस बोलला असेल आणि काम झालं असेल, तर हौसेनं मंडळीत काही द्या, पण पावती फाडल्यासारखं देऊ नका. द्यायला जमलं नाही म्हणून देव कोपेल या भीतीनं कर्ज तर मुळीच काढू नका.

वाईट दिवसांत

प्रेषित पौलानं थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलं की सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. 'स्थितीत' लिहिलंय, 'स्थितीबद्दल' नाही. मराठीच्या एका प्रत्ययानं माझा बराच ताप वाचवला. कुणी जाणकार म्हणेल, इफिसकरांच्या पत्रात 'सर्व गोष्टींबद्दल' असंही आहे. आहे, नाकारत नाही. पण वाईटाला चांगलं म्हण असं तिथं कुणी सांगितलेलं मला दिसत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जे झालं त्याबद्दल देवाचे आभार मान, असं ढिगाऱ्यापाशी बसलेल्या माणसाला सांगणारा माणूस पवित्र शास्त्र वाचून आलेला नसतो.

आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होती. तेव्हा बाहेरून आलेला लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा. ती त्या मिलोला शिव्या द्यायची, मनापासून. आणि मग त्याच भाकरीवर हात ठेवून म्हणायची, "देवा, भाकरीला चव न्हाई, पन भाकर हाय." दोन्ही खरं होतं, ती दोन्ही म्हणायची. वाईट दिवसातली उपकारस्तुती यापेक्षा वेगळी मला शिकवता येत नाही. पहिलं वाक्य गिळून नुसतं दुसरं म्हणू नका.

दोन वर्षांपूर्वी माझ्या दिराचं काढून ठेवलेलं सोयाबीन गंजीतच भिजलं, दाण्याला कोंब फुटले. प्रार्थनासभेत कुणीतरी त्यांना म्हणालं, 'यातही देवाची योजना आहे, स्तुती करा.' दीर उठून बाहेर गेले आणि विडी ओढत बसले. मला ती विडी जास्त प्रामाणिक वाटली. नंतर कधीतरी आम्ही हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय वाचला. अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, अशी एकेक नुकसानी तलाठ्यानं पंचनामा करावा तशी लिहिलीय, आणि मग 'तरी' येतो: तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. दीर म्हणाले, "ह्यानं आधी पंचनामा केला, हे बरं केलं."

तुम्हीही तसंच करा. आधी पंचनामा. 'तरी' त्याच दिवशी आला पाहिजे असं नाही. स्तोत्र १३ सहा ओव्यांचं आहे, 'कुठवर?' असं विचारत सुरू होतं आणि गाण्यावर संपतं. पण स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, त्यात शेवटी आभार नाहीत, आणि तरीही ते शास्त्रात ठेवलंय. काही महिने माणूस ८८ मध्ये राहतो. राहू द्या.

मंडळीत उभं राहून

आता साक्ष. वाढदिवस, नवं घर, दवाखान्यातून सुट्टी, असं काही झालं की लोक पुढे येऊन दोन शब्द बोलतात आणि उपकारस्तुतीचं पाकीट देतात. तुम्हालाही कुणीतरी ढकलेल. काय झालं, कशाची भीती होती, देव कसा जवळ वाटला, एवढं सांगून बसा. शेजाऱ्याचं आजारपण, जावयाचं कर्ज त्यात आणू नका.

आणि एक मी केलेली चूक तुम्ही करू नका. २०२१ च्या कोरोनात आमच्या घरातले पाचही जण आजारी पडले आणि पाचही उठले. मंडळी पुन्हा भरायला लागली तेव्हा मी पुढे जाऊन म्हणाले, "आमचा विश्वास होता, म्हणून प्रभूनं आमच्या घरातलं कुणी नेलं नाही." टाळ्या झाल्या. वळले तर तिसऱ्या बाकावर एक बहीण बसलेली, पांढऱ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तिचा नवरा दीड महिन्यापूर्वी गेला होता. तिचा विश्वास काय माझ्यापेक्षा कमी होता? त्यानंतर दोन रविवार ती आली नाही. मी तिच्या घरी गेले. माफी मागायची होती, शब्द सुचले नाहीत, तिनं चहा टाकला, आम्ही दोघी मेथी निवडत बसलो. निघताना ती एवढंच म्हणाली, "ताई, मीपण तेच मागितलं होतं." तेव्हापासून साक्षीत मी 'म्हणून' हा शब्द वापरत नाही. 'आम्ही वाचलो, देवाचे उपकार' इथं थांबते.

हंगामाच्या सणाला मात्र जरूर या, कुठे कुठे त्याला उपकारस्तुतीचा सण म्हणतात. वेदीपुढे ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, उसाची मोळी, भोपळे, पापड, रव्याचे लाडू मांडलेले असतात, आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी नेमकी प्रवचनाच्या मध्ये बोलते. उपासना झाली की कडुलिंबाखाली लिलाव. पाच रुपयांचं लिंबू 'एकवार, दोनवार' करत पाचशेला जातं, घेणारा ते परत लिलावात टाकतो, आणि तेच लिंबू तिसऱ्यांदा विकलं जातं. शेती नाही म्हणून रिकाम्या हातानं मागे बसू नका. आमच्याकडे एक शिंपी दरवर्षी उशीचे अभ्रे आणतो. बोली मात्र खिसा बघून लावा, भाऊबंदकीतली जुनी चढाओढ मी त्या लिंबाखाली बरीच पाहिलीय. अनुवादाच्या २६ व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवून आधी आपल्या भटक्या पूर्वजाची गोष्ट सांगायची असते, म्हणजे पुन्हा तीच 'काठी', आणि नंतरच्या आनंदात परक्यालाही सामील करून घ्यायचं असतं. तो परका म्हणजे कदाचित या वर्षी तुम्हीच असाल. जेवून जा.

प्रभुभोजनाच्या वेळी एक गोष्ट लक्षात असू द्या. ज्या रात्री त्याला धरून देण्यात आलं त्याच रात्री येशूनं भाकर घेऊन उपकारस्तुती केली. या विधीचं एक जुनं ग्रीक नाव आहे, त्याचा अर्थच उपकारस्तुती.

माणसांपाशी

लूकच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी आठवा. नऊ जण परत आले नाहीत म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो. पण त्यांनी काय वाईट केलं? याजकाला दाखवा असं सांगितलं होतं, ते दाखवायला गेले. शुद्ध झाल्याचा निवाडा मिळाल्याशिवाय गावात घेणार कोण? दहावा, तो शोमरोनी, कामाच्या वाटेवरून अर्ध्यातून वळला आणि मोठ्यानं बोलला. आपलंही असंच होतं. दाखला मिळाला की पुढच्या खिडकीकडे पळतो.

म्हणून आठवड्यातून एकदा एका माणसापाशी परत जा. पावसात खांबावर चढलेला लाइनमन असेल, वॉर्डातली रात्रपाळीची सिस्टर असेल, उधारीची वही न उघडणारा किराणावाला असेल. 'धन्यवाद' म्हणायला संकोच वाटला तर आपली जुनी रीत आहेच, वाटी रिकामी पाठवू नका.

आज रात्री कॅलेंडरपाशी जाल तेव्हा पेन आधी शोधून ठेवा. आमचं सध्या फ्रिजमागे पडलंय.